काटा फिरवता फिरवता

पॉल पेनाला त्या दिवशी खरं तर कोरियन भाषेचा धडा ऐकायचा होता. तारीख २९ डिसेंबर १९८४, गाव सॅन फ्रान्सिस्को. चौतिशीतला हा अंध ब्लूज गायक शॉर्टवेव्ह रेडिओचा काटा फिरवत होता. शॉर्टवेव्हवर स्टेशन शोधणं म्हणजे काय असतं, हे एके काळी रेडिओ सिलोनसाठी कान टवकारून बसलेल्यांना सांगायला नको. केसभर हात सरकला की स्टेशन गेलं, आणि मधल्या खरखरीत कुठल्या तरी अनोळखी मुलखातला माणूस चार वाक्यं बोलून नाहीसा होतो. पेनाला कोरियन धडा मिळाला नाही. लागलं ते रेडिओ मॉस्को, आणि त्यावर कुणीतरी गात होतं.

या गाण्यात खाली जाड, घोगरा, जमिनीला चिकटलेला एक सूर असतो आणि त्याच वेळी वर शीळ घातल्यासारखा दुसरा बारीक सूर हलत असतो. दोन माणसं म्हणावीत, तर दोघांचा श्वास एकाच क्षणी तुटतो. वाद्य म्हणावं, तर मध्येच शब्द येतात. हे तुवा प्रांतातलं ‘खूमेई’, म्हणजे एकाच गळ्यातून एका वेळी दोन सूर काढण्याची गायकी. पेनाने हे पहिल्यांदाच ऐकलं आणि ठरवलं की हे आपल्याला आलं पाहिजे. त्या गाण्याची एक सीडी हाती लागायला मात्र त्याला जवळपास सात वर्षं वाट पाहावी लागली.

तुवा आहे दक्षिण सायबेरियात, मंगोलियाला लागून. येनिसेई नदीचा उगम इथला. लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. १९२१ ते १९४४ हा देश निदान कागदावर तरी स्वतंत्र होता. मग सोव्हिएत संघाने तो पोटात घेतला आणि नकाशावरून त्याचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. मागे राहिली ती पोस्टाची तिकिटं. १९३०च्या दशकात ‘तान्नू तुवा’ नावाच्या या देशाने त्रिकोणी आणि चौकट आकाराची चित्रमय तिकिटं काढली होती आणि जगभरच्या तिकिटं जमवणाऱ्या पोरांच्या वह्यांत ती जाऊन बसली होती.

अशा पोरांपैकी एक पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवून बसला. १९७७ साली रिचर्ड फाइनमन यांनी मित्र राल्फ लेटन यांना जेवणाच्या टेबलावर कोडं घातलं: तान्नू तुवाचं पुढे झालं काय? नकाशा काढला तर राजधानीचं नाव निघालं किझिल. रोमन लिपीत लिहिलं तर त्यात धड एकही स्वर नाही. असल्या नावाच्या गावी जायलाच हवं, एवढं कारण त्या दोघांना पुरलं. पण शीतयुद्ध चालू होतं. अर्ज, पत्रं, ओळखीपाळखी यांत दहा वर्षं गेली. १५ फेब्रुवारी १९८८ रोजी फाइनमन कर्करोगाने गेले, आणि सोव्हिएत सरकारचं आमंत्रणाचं पत्र त्यानंतर येऊन पोचलं. लेटन यांनी पुढे या खटाटोपावर ‘तुवा ऑर बस्ट’ हे पुस्तक लिहिलं आणि ‘फ्रेंड्स ऑफ तुवा’ नावाचं एक हौशी मंडळ चालवलं. जगाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा वाटावा असा हा उद्योग. पण तुव्याचे गायक अमेरिकेत आले ते याच उद्योगाच्या हाताला धरून, आणि तो नसता तर पेनाची कहाणी सीडीपाशीच थांबली असती.

आता गळ्याविषयी थोडं. तानपुऱ्याजवळ बसलेल्याला ही गायकी समजायला फार जड जाऊ नये. जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. एक तार हलते तेव्हा तिच्या कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाची कंपनंही तिच्यात चालू असतात, आणि पाचव्या पायरीवर गंधार बसलेला असतो. माणसाच्या आवाजातही ही शिडी असतेच. एरवी ती आपल्याला वेगळी ऐकू येत नाही. तुव्याचा गायक जीभ, टाळू आणि ओठ यांच्यामधली पोकळी अशी बारकाईने बदलतो, की शिडीची एकच पायरी उजळून निघते आणि बाकीच्या मागे पडतात. तो मुख्यतः आठवी, नववी, दहावी आणि बारावी पायरी वापरतो. आपल्या भाषेत सा, रे, ग, प. तेराव्या पायरीवर थोडा उतरलेला धैवत सापडतो. मधल्या सातव्या आणि अकराव्या पायऱ्या तो टाळतो. थोडक्यात, सायबेरियाच्या गवताळ माळावरचा मेंढपाळ शीळ घालतो ती भूपाच्या शेजारच्या घरात.

या गायकीचे प्रकार अनेक. ‘सिगित’ म्हणजे ती धारदार शीळ. पेनाला ज्याने झपाटलं तो ‘कार्गिरा’. त्यात नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या, एरवी गाताना कामाला न येणाऱ्या पडद्यांनाही कंप दिला जातो. खरे तंतू दोनदा हलले की हे एकदा हलतात, त्यामुळे आवाज सरळ एक सप्तक खाली उतरतो. तिबेटी भिक्षूंचं मंत्रपठण ऐकलेल्यांना या आवाजाची जात ओळखीची वाटेल. आणि ज्यांनी हाउलिन वुल्फसारख्या ब्लूज गायकाचा खरवडलेला आवाज ऐकला आहे, त्यांनाही. पेना दुसऱ्या गटातला होता. त्याच्या कानाला तुवा परका वाटला नाही, याचं कारण बहुधा इथेच आहे.

ब्लूज हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता आणि त्यात तो कच्चा नव्हता. जन्म २६ जानेवारी १९५०, मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस गावचा. घराणं मूळचं अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांवरचं. जन्मतःच काचबिंदू, विशीत येईतो उरलीसुरली दृष्टीही गेली. शिक्षण पर्किन्स अंधशाळेत, मग क्लार्क विद्यापीठात. गिटार, पियानो, बास, व्हायोलिन, जे हाताला लागेल ते तो वाजवायचा. १९६९ मध्ये न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायला. टी-बोन वॉकरच्या वाद्यवृंदात त्याने साथ केली. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बिऱ्हाड हलवलं, १९७२ मध्ये पहिला अल्बम निघाला, आणि १९७३ मध्ये त्याने दुसरा ध्वनिमुद्रित केला. त्याचं नाव ‘न्यू ट्रेन’.

‘न्यू ट्रेन’ ज्यांनी ऐकला आहे त्यांना पुढची गोष्ट ऐकताना हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. निर्माता बेन सिड्रन, साथीला जेरी गार्सिया आणि मर्ल सॉन्डर्स, कोरसला ‘द पर्सुएजन्स’ हा नावाजलेला संच. तेविशीतल्या मुलाला याहून चांगली मंडळी मिळणं कठीण. पण पेनाचा मॅनेजर आणि रेकॉर्ड कंपनीचे मालक अल्बर्ट ग्रॉसमन यांच्यात बिनसलं आणि टेप कपाटात गेली. ती बाहेर आली २००० साली. सत्तावीस वर्षं!

त्यातलं एक गाणं तेवढं निसटलं. सिड्रन पूर्वी स्टीव्ह मिलर बँडमध्ये होता. त्याने टेप मिलरला ऐकवली आणि मिलरने ‘जेट एअरलायनर’ उचललं. १९७७ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. आजही तिकडच्या जुन्या रॉक गाण्यांच्या रेडिओ स्टेशनांवर ते लागतं. ऐकणाऱ्याला ते मिलरचंच वाटतं. पेनाचा जगण्याचा मोठा आधार म्हणजे या गाण्याची रॉयल्टी. स्वतःचा आवाज कपाटात आणि स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या तोंडी, अशा अवस्थेत हा माणूस पुढची वर्षं राहिला. बायकोची मूत्रपिंडं निकामी होत गेली तेव्हा तिच्या सेवेसाठी त्याने कामही मागे टाकलं. १९९१ मध्ये ती गेली.

त्याच सुमारास ती सीडी मिळाली: ‘तुवा: व्हॉइसेस फ्रॉम द सेंटर ऑफ एशिया’. एदुआर्द अलेक्सेयेव, झोया किरगिझ आणि टेड लेव्हिन यांनी १९८७ मध्ये प्रत्यक्ष तुव्यात फिरून केलेली ही ध्वनिमुद्रणं स्मिथसोनियन फोकवेजने १९९० मध्ये प्रसिद्ध केली होती. मेंढपाळांची, शिकाऱ्यांची, बायकामुलांची गाणी. पेनाने ती सीडी झिजवली, एवढंच म्हणता येईल. शिकवायला कुणी नव्हतं. गायकाचे ओठ कसे वळतात ते बघायची सोय नव्हती, आणि असती तरी पेनाला तिचा उपयोग नव्हता. उलट असंही वाटतं, की डोळस शिष्य गुरूच्या तोंडाकडे बघून जिथे फसला असता तिथे पेना फसला नाही. त्याला सुरापासून उलटं, गळ्याच्या आत काय चाललं असेल तिथपर्यंत जावं लागलं. ब्लूज गाताना आवाज खरवडायची सवय होतीच.

गळा तयार होत होता, पण शब्दांचं काय? तुवा भाषा ही तुर्की कुळातली, रशियन लिपीत लिहिली जाणारी. तिचा इंग्रजी शब्दकोश पेनाला मिळाला नाही. ब्रेलमध्ये तर प्रश्नच नव्हता. मिळाला तो तुवा–रशियन कोश. मग रशियन–इंग्रजी कोश आणला. एका कोशातून दुसऱ्या कोशात, अशी ही द्राविडी प्राणायामाची वाट. आणि दोन्ही पुस्तकं छापील.

इथे एका यंत्राविषयी सांगायलाच हवं, कारण ते आता इतिहासजमा झालं आहे. त्याचं नाव ऑप्टाकॉन. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लिन्व्हिल यांची मुलगी अंध होती. तिला कुणाच्या मदतीशिवाय छापील पुस्तक वाचता यावं म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह हे घडवलं आणि १९७१ पासून ते विकलं जाऊ लागलं. एका हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवायचा; दुसऱ्या हाताची तर्जनी एका खाचेत ठेवायची. खाचेत १४४ बारीक सुया. कॅमेऱ्याखाली जे अक्षर येईल त्याच्या आकाराच्या सुया थरथरतात आणि बोटाला अक्षर जाणवतं. ब्रेलसारखं ठिपक्यांच्या संकेतात नव्हे, तर छापल्याप्रमाणे त्याच आकारात. वेग मात्र अत्यंत कमी. या यंत्रावर परक्या लिपीची अक्षरं बोटाने ओळखत, एका कोशातून दुसऱ्यात जात पेना एकेका शब्दाचा अर्थ लावत होता. अशा रीतीने तो गाण्यांचे अर्थ समजून घ्यायला, पुढे तुवा भाषेत बोलायला आणि गाणी रचायला शिकला. हे सगळं कशासाठी? कार्यक्रम ठरलेला नव्हता, रेकॉर्ड निघणार नव्हती. एवढ्या तयारीने गायलेलं गाणं समजेल असा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत शोधून सापडला नसता.

आणि मग ती माणसंच तिथे आली.

१९९३च्या जानेवारीत तुव्याचा गायक कोंगार-ओल ओंदार आणि त्याचे दोन साथीदार अमेरिकेत होते. पॅसाडेनाच्या नववर्षाच्या रोझ परेडमध्ये ते घोड्यांवर बसून मिरवले; तोही लेटन आणि मंडळींचाच घाट. त्याच महिन्यात रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या घरी एक विलक्षण मैफल जमली: आयर्लंडचे ‘द चीफटन्स’, ब्लूजवाला जॉनी ‘गिटार’ वॉटसन, आपला व्हायोलिनवादक एल. शंकर आणि हे तुवाकर. ओंदार तेव्हा तिशीतला, १९६२चा जन्म, पश्चिम तुव्यातला. गोल हसरा चेहरा, रेशमी अंगरखा, आणि गळ्यात गंमत आणि जरब दोन्ही. स्वदेशात त्याला लोकगायकाचा मोठा किताब मिळालेला होता.

२० फेब्रुवारीला सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये तुव्याच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. हे संग्रहालय तेव्हा गोल्डन गेट पार्कमध्ये होतं. पेना श्रोत्यांत होता. कार्यक्रमानंतर तो तिथेच गाऊ लागला. मंच नाही, माईक नाही, ओळख करून देणारं कुणी नाही. कार्गिरा, आणि शब्द तुवा भाषेतले. ओंदारच्या कानावर ते पडलं.

या भेटीला योगायोग म्हणायची पद्धत आहे आणि ते खोटंही नाही. काटा एक केस इकडे सरकला असता तर? फाइनमन यांना लहानपणी तिकिटांऐवजी नाणी जमवायचा नाद असता तर? पण योगायोगाने पेनाला त्या इमारतीत आणून सोडलं, एवढंच. तिथे पोचलेल्या दुसऱ्या कुणी ओंदारशी हात मिळवला असता, सही मागितली असती. गाऊन दाखवण्यासारखं काही त्याच्यापाशी नसतं. ओंदारच्या बाजूने हा प्रसंग पाहिला तर आणखी मजा येते. आपल्या मुलखापासून हजारो मैलांवर, भाषेचा एक शब्द कुणाला येत नाही अशा शहरात, काळा चष्मा लावलेला एक धिप्पाड कृष्णवर्णीय माणूस तुमच्याच भाषेत, तुमच्या आजोबांच्या गळ्याने गातो आहे. चकित व्हायची पाळी कुणाची होती?

ओंदारने त्याला तुव्याला यायचं आमंत्रण दिलं. किझिलमध्ये १९९५ साली खूमेईचं आंतरराष्ट्रीय संमेलन आणि स्पर्धा होणार होती. पेना गेला. सोबत विशीतले दोन भाऊ, रोको आणि एड्रियन बेलिक, हातात साधे व्हिडिओ कॅमेरे आणि खिशात फारसं काही नाही. शिवाय एक ध्वनिमुद्रक आणि रेडिओवर जगभरचं संगीत वाजवणारा वयस्कर निवेदक मारिओ कॅसेटा. याच चित्रणातून पुढे ‘जेंगिस ब्लूज’ हा माहितीपट झाला. १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार त्याने मिळवला आणि पुढच्या वर्षी ऑस्करचं नामांकन.

किझिलच्या रंगमंचावर पेना उभा राहिला. या स्पर्धेत उतरलेला तो पहिला अमेरिकन. तुवा भाषेत चार शब्द बोलला आणि सभागृह त्याचं झालं. मग कार्गिरा सुरू झाला. कार्गिरा विभागात पहिलं बक्षीस त्याला मिळालं, आणि प्रेक्षकांच्या पसंतीचंही. तिथल्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘चेर शिमजेर’. अर्थ: भूकंप.

चित्रपटात इथेच पडदा पडला असता तर तो गोड झाला असता आणि खोटाही. बेलिक बंधूंनी कॅमेरा बंद केला नाही, हे त्यांचं मोठेपण. कॅसेटा आजारी पडून रुग्णालयात गेला. पेनाची नैराश्यावरची औषधं संपली आणि त्याचा जीव आतून खचू लागला. अनोळखी मुलखात अंध माणसाला पावलोपावली दुसऱ्याचा हात लागतो. सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या सवयीच्या खोलीत तो जितका मोकळा होता तितका इथे नव्हता. ज्या देशाचा त्याने अकरा वर्षं ध्यास घेतला, त्या देशातून घरी जायची त्याला घाई झाली. हे पाहताना अवघडायला होतं, पण त्यामुळेच शेजारी बसलेला, त्याचा हात धरून त्याला वाट दाखवणारा, आपल्या जन्मगावी नेणारा ओंदार अधिक मोठा दिसतो. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धीच येत होती. गाताना ती अडचण नव्हती.

परतल्यावर नशीब फिरलं, असंही झालं नाही. १९९७ मध्ये घराला आग लागून धुराने पेना चार दिवस बेशुद्ध होता. मधुमेह होताच, पुढे स्वादुपिंडाच्या दुखण्याने त्याला घेरलं. चित्रपट गाजला तेव्हा लोकांना हा माणूस कोण असा प्रश्न पडला आणि त्या कुतूहलाच्या वाऱ्यावर २००० साली ‘न्यू ट्रेन’ अखेर दुकानात आला. त्यातलं ‘जेट एअरलायनर’ ऐकून कित्येकांची आधी अशी समजूत झाली म्हणतात की कुणीतरी मिलरच्या गाण्याची वेगळी आवृत्ती केली आहे. खरी गोष्ट उलटी होती. १ ऑक्टोबर २००५ रोजी पंचावन्नाव्या वर्षी पेना सॅन फ्रान्सिस्कोतच गेला. ओंदारने दरम्यान अमेरिकी टीव्हीवरच्या डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमापर्यंत खूमेई पोचवलं होतं, मायदेशी मुलांना शिकवलं होतं. २५ जुलै २०१३ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानंतर तोही गेला, वय एक्कावन्न.

दोघांच्या एकत्र गाण्याचं ध्वनिमुद्रण १९९६ साली ‘जेंगिस ब्लूज’ याच नावाने निघालं. मिसिसिपीच्या खोऱ्यातली गिटार आणि तुव्याची तंतुवाद्यं, आणि दोन गळे. पहिल्यांदा ऐकणारा माणूस सहज चुकतो. सगळ्यात खालून, माती हलल्यासारखा जो आवाज येतो तो तुव्याचा असणार, असं तो धरून चालतो. तो असतो हायॅनिसचा.